वारसाहक्काच्या कागदांना पासवर्ड: कुलपापेक्षा चावीची काळजी

ताई, तुमचे प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वडिलांच्या पश्चात डिचोलीच्या घराची आणि कुळागराची, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेची, इन्व्हेंटरी (गोव्यात वारसांमध्ये मालमत्ता वाटण्याचं कोर्टातलं काम) चालू आहे. वकील पणजीला, भाऊ लंडनला, बहीण सासरी कुडाळला. विक्रीखतं, एक-चौदाचे म्हणजे जमिनीच्या नोंदींचे उतारे, सगळ्यांची आधार आणि पॅन कार्डं, बाबांच्या बँक खात्यांचे तपशील असे चाळीसेक स्कॅन सगळ्यांना पाठवायचे आहेत. चुलतभावाने प्रत्येक पीडीएफला बाबांची जन्मतारीख पासवर्ड म्हणून लावलीय, प्रिंट आणि कॉपी बंद करून ठेवलंय, आणि मेलच्या शेवटच्या ओळीत तोच पासवर्ड लिहिलाय. एवढं पुरे का, हा पहिला प्रश्न. मोरजीच्या तुमच्या होमस्टेत उतरणाऱ्या विदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टचे फोटो फोनमध्ये साठलेत, त्यांचं काय करायचं, हा दुसरा. आणि बाबांनी पासवर्ड लावून ठेवलेली हिशेबाची जुनी एक्सेल फाइल उघडत नाही, हा तिसरा.

पहिल्याचं उत्तर: पुरत नाही. मेल अजून गेली नसेल तर थांबवा. पणजीतल्या वकिलांच्या आणि ऑडिटरांच्या कचेऱ्यांत कागदपत्रांची व्यवस्था लावून देणं हे माझं काम. एन्क्रिप्शन म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असं मजकुराचं रूप बदलणं; आजच्या चांगल्या एन्क्रिप्शनचं गणित फोडून कुणी एखादी फाइल वाचल्याचं माझ्या पाहण्यात नाही. फायली जातात त्या दुसऱ्याच वाटांनी. कुणीतरी पासवर्ड ओळखतं, किंवा तो फाइलच्या शेजारीच सापडतो, किंवा कुलूप लावायच्या आधीची प्रत कुठंतरी उघडी राहिलेली असते. तुमच्या चुलतभावाच्या मेलमध्ये या तिन्ही वाटा मोकळ्या आहेत. त्यांनी मेहनत केलीय, पण ती भलत्या ठिकाणी.

आधी ते 'प्रिंट बंद, कॉपी बंद' प्रकरण निकालात काढू. पीडीएफला दोन वेगवेगळे पासवर्ड लावता येतात. एक फाइल उघडण्याचा. दुसरा मालकाचा, म्हणजे छपाई, नक्कल, बदल यांवर बंधनं घालण्याचा. फक्त दुसरा लावला तर फाइल कुणालाही उघडते. आतला मजकूर नावापुरता एन्क्रिप्ट होतो, पण त्याची किल्ली रिकाम्या पासवर्डपासून बनलेली असते, म्हणून कुठलंही वाचक सॉफ्टवेअर ती आपोआप तयार करून पानं दाखवतं. छापू देऊ नका ही त्या सॉफ्टवेअरला केलेली विनंती असते. ॲडोबीचा रीडर ती पाळतो. पण फुकट मिळणारी साधी साधनं ती क्षणात काढून टाकतात, आणि त्यांना त्यासाठी कसलाही पासवर्ड लागत नाही. कुंपण नसलेल्या बागेत 'फुले तोडू नयेत' अशी पाटी लावावी, तेवढीच तिची ताकद. शिवाय ज्याला पान दिसतं तो पडद्याचा फोटो काढतोच. तेव्हा बंधनांवर वेळ घालवू नका. उघडण्याचा पासवर्ड महत्त्वाचा. तो तुमच्या चुलतभावाने लावलाय, हे त्यांचं बरोबर.

आता त्या कुलपाची जात. पीडीएफच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत आरसी-४ ही एन्क्रिप्शनची पद्धत ४० बिटांच्या किल्लीने, म्हणजे शून्य-एकच्या ४० आकड्यांच्या किल्लीने, वापरली जाई. ॲक्रोबॅट या ॲडोबीच्या पीडीएफ सॉफ्टवेअरच्या पाचव्या आवृत्तीपासून किल्ली १२८ बिटांची झाली, ॲक्रोबॅट ७ मध्ये एईएस-१२८ आली, नवव्यात एईएस-२५६. त्या नवव्या आवृत्तीत पासवर्ड तपासण्याची रीत मात्र कच्ची राहिली होती, ती ॲक्रोबॅट १० मध्ये सुधारली. एईएस म्हणजे योआन दामेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांनी रचलेली पद्धत. अमेरिकेच्या मानक संस्थेने ती २००१ मध्ये मानक म्हणून स्वीकारली आणि आज बँकांपासून फोनपर्यंत तीच चालते.

चाळीस बिट आणि दोनशे छप्पन्न बिट हा फरक कागदावर लहान दिसतो. चाळीस बिटांच्या किल्ल्या एकूण सुमारे १ लाख १० हजार कोटी. आकडा मोठा वाटतो, पण संगणक सेकंदाला लाखांनी किल्ल्या घालून बघतो, म्हणजे काही दिवसांचं काम. आणि यात मेख अशी की तो पासवर्ड शोधतच नाही, थेट किल्लीच शोधतो. तुमचा पासवर्ड चाळीस अक्षरांचा असला तरी फरक पडत नाही. म्हणून पीडीएफ बनवताना 'जुन्या आवृत्त्यांशी सुसंगत' असा पर्याय निवडू नका. बनलेली फाइल कुठल्या कुलपाची आहे ते बघायचं तर ॲडोबी रीडरमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीज उघडा, त्यात सिक्युरिटीचं पान असतं, तिथल्या तपशिलात पद्धत आणि बिट लिहिलेले दिसतात. एईएस-२५६ असेल तर उत्तम, एईएस-१२८ चालेल. आरसी-४ दिसलं तर पुन्हा बनवा.

फुकटात पीडीएफला पासवर्ड लावून देणाऱ्या संकेतस्थळांबद्दल एकच सांगतो. तिथे तुम्ही उघडी फाइल आणि तिचा पासवर्ड, दोन्ही एकाच वेळी अनोळखी माणसाच्या हाती देता. बाबांच्या खात्यांचे तपशील तिथे चढवू नका. वर्डमधून पीडीएफ सेव्ह करताना पर्यायांत पासवर्डची सोय असते, लिब्रे ऑफिसच्या पीडीएफ एक्स्पोर्टमध्ये सिक्युरिटीचं वेगळं पान असतं, मॅकच्या प्रीव्ह्यूमध्येही आहे. सगळं आपल्याच यंत्रावर होतं.

चाळीस फायलींना एकेक करून पासवर्ड लावण्यापेक्षा सगळ्यांचं एक गाठोडं बांधणं सोपं. सेव्हन-झिप हे फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी चांगलं आहे. पण त्यातही एक फसवी जागा आहे. गाठोडं झिप प्रकारचं निवडलंत तर एन्क्रिप्शनच्या रकान्यात आपोआप झिपक्रिप्टो ही जुनी पद्धत येते. तिचं वैगुण्य बिहाम आणि कोचर या दोघांनी १९९४ मध्येच दाखवून दिलंय. आतल्या एखाद्या फाइलचा थोडासा मजकूर, ज्या रूपात तो गाठोड्यात ठेवलाय त्या रूपात, बाहेरून मिळाला, तर त्यावरून किल्ली काढता येते आणि मग गाठोड्यातल्या बाकीच्या फायलीही उघडतात. वारसाहक्काच्या गाठोड्यात सार्वजनिक ठिकाणाहून कुणालाही उतरवता येईल अशी एखादी फाइल हटकून असते, त्यामुळे ही भीती पुस्तकी नाही. झिप करायचंच असेल तर एईएस-२५६ हाताने निवडा. नाहीतर ७-झेड प्रकार घ्या, त्यात एईएस-२५६ शिवाय दुसरा पर्यायच नसतो. त्यात फायलींची नावंही लपवण्याची एक चौकट असते, तिच्यावर खूण करा. झिपमध्ये पासवर्ड असला तरी आतली नावं दिसतात, आणि 'बाबा मृत्युपत्र मसुदा' किंवा 'मुदत ठेव यादी' अशा नावांतून अर्धी गोष्ट बाहेर पडलेली असते. नावं लपवलेली गाठोडी काही मेलसेवा अडवतात, कारण आत काय आहे ते त्यांना तपासता येत नाही. तसं झालं तर गाठोडं ऑनलाइन ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवा.

भावाला आणि बहिणीला फोनवरच वाचायचं असेल तर मात्र गाठोड्याचा त्रास होतो. त्यांना वेगळ्या पीडीएफ द्या. सोय बघायलाच हवी, कारण कुलूप फार त्रासदायक झालं की माणसं ते काढून उघडी प्रत एकमेकांना पाठवायला लागतात. हे मी कचेऱ्यांमध्ये रोज बघतो.

आता पासवर्डकडे. ज्यावर सगळं टिकतं ते हे.

जन्मतारीख आठ आकड्यांची म्हटली की दहा कोटी शक्यता आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात शंभर वर्षांत तारखा साधारण ३६,५२५. संगणकाला हे काम चहाचा कप संपेपर्यंतही पुरत नाही, मग कुलूप एईएस-२५६ चं असलं तरी काय उपयोग? आणि बाबांची तारीख तर शोधायचीही गरज नाही. आपल्याकडे मराठी दैनिकात श्रद्धांजलीची जाहिरात दिली जाते, फोटोखाली जन्म आणि मृत्यू दोन्ही तारखा छापतात. वर्षश्राद्धाला पुन्हा एकदा. इन्व्हेंटरीत ज्याचा वाद असेल त्या नातेवाइकाला तर ती पाठच असणार. मालमत्तेच्या कामात धोका बहुतेकदा दूरच्या हॅकरकडून नसतो, तो घरातल्या किंवा शेजारच्या माणसाकडून असतो, आणि त्याला तुमची सगळी नावं, तारखा, देवस्थानं आणि कुत्र्याचं नावही माहीत असतं.

सरकारी आणि बँकेच्या फायलींचंही हेच दुखणं आहे. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची इंग्रजीतली पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मसाल. नाव माहीत असलं तर उरतात जेमतेम शंभर सालं. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणाचा पासवर्ड पॅन आणि जन्मतारीख जोडून होतो, आणि पॅन तर आपण अर्जावर अर्जावर लिहीत असतो. या पद्धती अगदी निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. मेल चुकून दुसऱ्याच्या पत्त्यावर गेली तर त्या अनोळखी माणसापासून बचाव होतो, आणि करोडो लोकांना लक्षात राहील असा पासवर्ड देण्याची अडचणही खरी आहे. पण ओळखीच्या माणसासमोर त्या फायली उघड्याच समजा. त्यांना मूळ पासवर्डसह पुढे पाठवू नका. उघडा, आपल्या यंत्रावर नव्या पासवर्डने सेव्ह करा, मगच पाठवा.

चांगला पासवर्ड म्हणजे चिन्हांची खिचडी नव्हे. पहिलं अक्षर मोठं, मधल्या ए च्या जागी ॲट, शेवटी १२३ या युक्त्या फोडणाऱ्यांच्या यादीत सगळ्यात वर असतात. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द घ्या. ते तुमच्या मनाने सुचवायचे नाहीत, फाशांनी निवडायचे. फाशांची एक जुनी पद्धत आहे. पाच फासे टाकले की ७,७७६ संभाव्य निकाल, तेवढ्या शब्दांची यादी, प्रत्येक फेकीला एक शब्द. पाच शब्दांच्या शक्यता होतात सुमारे २ लाख ८० हजार कोटी गुणिले एक कोटी. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड बनवून सांभाळणारं सॉफ्टवेअर, हेही असे शब्द निवडून देतं. मराठी शब्द हवे असतील तर स्वतः यादी करा, पण निवड फाशांवर सोडा. आरतीची, अभंगाची किंवा नाट्यगीताची ओळ घेऊ नका, कितीही लांब असली तरी. त्या ओळी नेटवर आहेत, म्हणजे फोडणाऱ्याच्या यादीतही येऊ शकतात.

आणि पासवर्ड रोमन लिपीतच टाइप करा. देवनागरी पासवर्ड ऐकायला भारी वाटतो, पण जुन्या पीडीएफ पद्धती तो नीट घेत नाहीत, आणि नव्यांत घेतला तरी दोन वेगळ्या कीबोर्डांवर एकच जोडाक्षर वेगळ्या संकेतांनी बनू शकतं. तुमच्याकडे उघडेल, लंडनला उघडणार नाही, आणि मग तासभर दोघं एकमेकांना 'अगं, पण मी तेच टाइप केलंय' म्हणत बसाल. रोमनमध्येही 'कुळागर' कुणी एका यूने लिहील, कुणी दोन ओंनी. शब्द ठरवताना स्पेलिंगही ठरवून सांगा.

फाइल मेलने गेली तर पासवर्ड मेलने जाता कामा नये. त्याच मेलमध्ये तर नाहीच, पाठोपाठच्या दुसऱ्या मेलमध्येही नाही. बँकाही असं करतात, पण ते फोलच, कारण ज्याच्या हाती तुमचा मेलबॉक्स लागला त्याला दोन्ही मेल एकाखाली एक दिसणार, आज नाही तर पाच वर्षांनी. फोन करा, तोंडाने सांगा, समोरच्याला कागदावर लिहून घ्यायला लावा. भावाला व्हिडिओ कॉलवर सांगितलंत तर तो भाऊच आहे याचीही खात्री होते, आणि आजकाल तीही लागते. वकिलांच्या कचेरीत पासवर्ड नेमका कुणाकडे राहणार ते विचारा. गोव्याच्या कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सामायिक धरली जात असल्याने इन्व्हेंटरीत वारसांबरोबर त्यांच्या जोडीदारांचीही नावं येतात, त्यामुळे चावी मागणारे हात तुम्हाला वाटतात त्याच्या दुप्पट असतात. म्हणून सगळ्यांना एकच पासवर्ड नको. जमिनीचे कागद सगळ्यांना लागतात, त्यांचं एक गाठोडं. बँकेचे तपशील फक्त वकिलांना लागतात, त्यांचं वेगळं, वेगळ्या पासवर्डचं.

आता उघड्या प्रती. हा भाग लोक विसरतात, आणि माझ्या मते बाकी सगळ्यापेक्षा हाच जास्त नुकसान करतो. तुमचे कागद स्कॅन कुठे झाले? बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात झाले असतील, तर ते त्या संगणकावर कुठल्यातरी फोल्डरमध्ये 'स्कॅन ००१' पासून पुढे पडलेले असतील, आणि तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवले असतील तर दुकानाच्या व्हॉट्सॲपवरही आहेत. काम झाल्यावर दुकानदाराच्या शेजारी उभं राहून, गोड बोलून, ते पुसायला सांगा. कचऱ्याची टोपलीही रिकामी करायला लावा. घरी फोनच्या कॅमेऱ्याने काढले असतील तर फोटो आपोआप गूगल फोटोजवर चढले असतील. लॅपटॉपच्या डाउनलोड्समध्ये प्रत आहे. मेलच्या ड्राफ्ट्समध्ये आहे. एन्क्रिप्ट केल्यावर मूळ फाइल आपोआप जात नाही, ती शेजारीच बसलेली असते.

मग व्हॉट्सॲपवरूनच पाठवलं तर, असंही तुम्हाला वाटेल. तिथले संदेश २०१६ पासून सर्वांसाठी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एन्क्रिप्ट होतात, त्यामुळे वाटेत कुणी वाचण्याचा धोका कमी. पण पोचल्यावर फाइल समोरच्याच्या फोनमध्ये उघडी पडते, आणि बॅकअपचं एन्क्रिप्शन हा वेगळा पर्याय आहे. तो २०२१ मध्ये आला आणि आपणहून चालू करावा लागतो. तुम्ही चालू केला तरी समोरच्याने केलाय का ते तुम्हाला कळत नाही. कुटुंबाच्या ग्रुपवर तर काहीच टाकू नका. त्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते आता तुम्हालाही आठवत नसेल.

उघड्या प्रती एकेक पुसत बसणं कधी पुरं होत नाही, आणि एसएसडीवर, म्हणजे नव्या लॅपटॉपांतल्या चिपच्या डिस्कवर, पुसलेली फाइल खरंच गेली याची हमीही देता येत नाही. म्हणून लॅपटॉपची सगळी डिस्कच एन्क्रिप्ट असावी. विंडोज प्रो मध्ये त्यासाठी बिटलॉकर आहे, होम आवृत्तीच्या बऱ्याच यंत्रांवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाने तीच सोय असते, मॅकवर फाइलव्हॉल्ट. हे चालू असेल तर लॅपटॉप कदंबच्या बसमध्ये विसरला तरी कागद वाचले जाणार नाहीत. मात्र लगेच एक काम करा. बिटलॉकरची ४८ आकड्यांची रिकव्हरी किल्ली शोधा आणि कागदावर छापून घ्या. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं असेल तर बहुधा ती त्या खात्यात साठवलेली असते. जूनमध्ये वीज कडाडली, मदरबोर्ड गेला, तंत्रज्ञाने तीच डिस्क दुसऱ्या यंत्रात लावली, की विंडोज ते ४८ आकडे मागतं. ते नसतील तर डिस्क ठणठणीत असूनही तुमच्यासाठी रिकामी. दरवर्षी पावसाळ्यात माझ्याकडे असे दोन-चार लॅपटॉप येतात आणि मी काही करू शकत नाही.

चावी हरवणं हा घरगुती कागदांच्या बाबतीत चोरीपेक्षा मोठा धोका आहे असं माझं मत आहे. म्हणून पासवर्ड कागदावर लिहा. हो, कागदावर. लिहू नका म्हणणारे सल्ले कचेरीतल्या मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवणाऱ्यांसाठी आहेत. तुमच्या कपाटात जिथे अस्सल विक्रीखतं आहेत, तिथे एका पाकिटात बंद करून ठेवा. ज्याला ते कपाट उघडता येतं त्याच्या हाती अस्सल कागदच लागतात, त्याला स्कॅन कशाला हवेत? आणि ते पाकीट कुठे आहे हे दुसऱ्या एका विश्वासातल्या माणसाला सांगून ठेवा.

यानंतर जरा उलट बाजूने बघू. या चाळिसांपैकी किती कागद मुळात लपवण्यासारखे आहेत? एक-चौदाचा उतारा सरकारी संकेतस्थळावर सर्व्हे क्रमांक घालून कुणीही बघतो. नोंदणी झालेलं विक्रीखत तर नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे फी भरून कुणीही मागवू शकतो. त्यांना पासवर्ड लावणं म्हणजे नुसती दगदग. लपवायचं ते आधार, पॅन, सहीचे नमुने, बँक खाती, आणि वाटपाबद्दल वकिलांशी चाललेला पत्रव्यवहार. आधारचा पूर्ण क्रमांक जिथे लागत नाही तिथे मास्क केलेली प्रत पाठवा. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात आणि ती आधारच्याच संकेतस्थळावरून मिळते. स्वतः काळी पट्टी ओढून आकडे झाकू नका. बऱ्याच साधनांत ती पट्टी नुसती वरून ठेवलेली असते, खालचा मजकूर निवडून कॉपी केला की जसाच्या तसा निघतो.

जमिनीच्या कागदांना खरी भीती वाचलं जाण्याची नाही, बदललं जाण्याची आहे. गोव्यात जमिनी हडपण्याच्या प्रकरणांसाठी २०२२ मध्ये पोलिसांचं विशेष तपास पथक नेमावं लागलं, त्या तक्रारींत बनावट कागदांचा वाटा मोठा. एन्क्रिप्शन याला उत्तर देत नाही. ते मजकूर लपवतं, मजकूर मूळचाच आहे याची हमी देत नाही. पीडीएफच्या बाबतीत तर २०१९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी तपासलेल्या २७ च्या २७ वाचक सॉफ्टवेअरमध्ये असं दाखवलं की एन्क्रिप्ट केलेल्या फाइलमध्येही वाटेत फेरफार करता येतो, आणि मालकाने ती पासवर्ड घालून उघडली की आतला मजकूर बाहेर पाठवणंही शक्य होतं. हमी हवी तिथे डिजिटल सही लागते. सरकारकडून येणाऱ्या डिजिटल सहीच्या उताऱ्याचं प्रिंट काढून पुन्हा स्कॅन केलं की ती सही मरते, उरतं फक्त तिचं चित्र. तेव्हा तो उतारा मूळ फाइल म्हणूनच पुढे पाठवा आणि वकिलांनाही तशीच जपायला सांगा. बाकीच्या स्कॅनसाठी, गाठोडं बांधल्यावर सेव्हन-झिपमध्येच त्याचा शा-२५६ ठसा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून हिशेबाने निघणारा एक लांब क्रमांक, काढता येतो. तो भावाला आणि बहिणीला पाठवून ठेवा. पुढे दोन प्रतींवरून वाद झालाच तर पाठवलेलं गाठोडं कुठलं ते त्या ठशावरून ठरतं, एक अक्षर जरी बदललं तरी ठसा पार वेगळा येतो.

पासपोर्टचं थोडक्यात. विदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, ज्याला आपण सगळे सी-फॉर्म म्हणत आलो. त्यासाठी पासपोर्टचा फोटो लागतो हे खरं, पण भरून झाल्यावर तो तुमच्या गॅलरीत, साफसफाईला येणाऱ्या मुलाच्या फोनवर आणि 'चेक-इन' नावाच्या ग्रुपवर तीन-तीन वर्षं राहण्याचं कारण नाही. पाहुण्याला फोटो एकाच मेलवर पाठवायला सांगा. नोंदीसाठी जे ठेवणं बंधनकारक आहे तेवढंच एन्क्रिप्टेड डिस्कवर एका फोल्डरमध्ये ठेवा, बाकी त्याच दिवशी पुसा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तीन खोल्यांच्या होमस्टेवर कुणी तेवढा दंड लावणार नाही, पण कायद्याची दिशा हीच आहे: गरजेपुरतं घ्या, गरज संपली की काढून टाका. नसलेला फोटो चोरीला जात नाही, त्याला पासवर्डही लागत नाही.

राहिली बाबांची एक्सेल. आधी एवढंच बघा: फाइल उघडते पण आत बदल करू देत नाही, की पासवर्डशिवाय उघडतच नाही? पहिलं असेल तर ते शीट प्रोटेक्शन आहे, त्यात मजकूर एन्क्रिप्ट होतच नाही, सगळं निवडून नव्या फाइलमध्ये कॉपी केलं की बहुतेक वेळा काम होतं. दुसरं असेल तर फाइलचं शेपूट बघा. शेवटी एक्सएलएस असेल, म्हणजे ९७ ते २००३ च्या काळातली, तर तिथे सहसा तेच चाळीस बिटांचं कुलूप असतं. पासवर्ड काहीही असो, किल्ली शोधता येते आणि फाइल उघडते. शेवटी एक्सएलएसएक्स असेल आणि एक्सेल २०१३ किंवा नंतरची असेल, तर प्रत्येक अंदाज तपासायला संगणकाला एक लाख वेळा तोच हिशेब फिरवावा लागतो. तिथे बाबांचा पासवर्ड साधा असेल तरच आशा.

दुकानात देण्याआधी घरी बसून यादी करा: बाबा आकडे कुठे जोडायचे, जुन्या स्कूटरचा नंबर, पहिल्या पासबुकाचा खाते क्रमांक, त्यांच्या डायरीच्या शेवटच्या पानावर काही लिहिलंय का, कॅप्स लॉक लावून टाइप करायची सवय होती का. अशा पन्नास-साठ अंदाजांची यादी तज्ज्ञाच्या हाती असली तर त्यांच्या हजारो जोड्या तो संगणकाकडून तपासून घेतो, आणि जुन्या पिढीचे पासवर्ड बरेचदा अशाच यादीत सापडतात. फाइल कुणाच्या हाती देताना मूळ द्यायची नाही, नक्कल द्यायची, आणि काम आपल्या डोळ्यांसमोर आपल्याच लॅपटॉपवर करायला सांगायचं. उघडली तर लगेच नव्या स्वरूपात, नव्या पासवर्डने सेव्ह करा. जुन्या कुलपाची प्रत इन्व्हेंटरी संपेपर्यंत पेन ड्राइव्हवर घालून त्या कपाटातच ठेवा, वकिलांना फाइलची मूळ तारीख दाखवायची वेळ येऊ शकते.